झोपताना स्वतःला काय सांगावं: चोपडा तालुक्यातल्या एका शिक्षिकेचं प्रकरण

ज्यांचं हे प्रकरण आहे त्यांच्या परवानगीनं ते लिहिते आहे. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. इथे त्यांना सुनंदाताई म्हणू. झोप येत नाही म्हटलं की ‘झोपताना चांगले विचार करा’ हा सल्ला घरचे, शेजारचे, मोबाइलवरचे सगळेच देतात. हा सल्ला कुठे अडतो आणि कशानं चालू लागतो, ते या प्रकरणात फार स्पष्ट दिसलं.

पार्श्वभूमी

सुनंदाताई ४६ वर्षांच्या, जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. घर चोपडा तालुक्यातल्या एका गावात. घरी पती, सासूबाई आणि बारावीतला मुलगा. मुलगी पुण्याला शिकून तिथेच नोकरीला लागलेली. पतींची केळीची शेती. शाळा दुसऱ्या गावात, रोज स्कूटीवर जाणं-येणं.

तीन वर्षांपूर्वीच्या जूनमध्ये वादळ झालं आणि कापणीवर आलेली बाग एका संध्याकाळी आडवी झाली. जळगाव जिल्ह्यातल्या चोपडा, यावल, रावेर या पट्ट्याला हे नवीन नाही. घड भरलेला असतो तेव्हाच खोडावर सगळ्यात जास्त भार असतो आणि मे-जूनचं वारं नेमकं तेव्हा सुटतं. गावच्या सहकारी सोसायटीचं पीककर्ज डोक्यावर होतं, मुलीच्या शिक्षणाचं शेवटचं वर्ष चालू होतं. त्या महिन्यात घरात कुणालाच धड झोप नव्हती.

पुढे फळपीक विम्याचे पैसे उशिरा का होईना आले. कर्जाचे हप्ते बांधून मिळाले, मुलगी कमावती झाली. पती पूर्वीसारखे पडल्या पडल्या घोरू लागले. सुनंदाताईंची झोप मात्र परतली नाही. माझ्याकडे जळगावला त्या उपचारासाठी आल्या तेव्हा वादळाला अडीच वर्षं होऊन गेली होती.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आर्थर स्पीलमन यांनी १९८७ मध्ये निद्रानाशाची एक मांडणी केली, ती अशा वेळी फार उपयोगी पडते. काहींचा स्वभाव, शरीराची घडण आधीच हलक्या झोपेची असते. मग एखादं निमित्त घडतं आणि झोप उडते. निमित्त सरल्यावरही ती उडालेलीच राहते, कारण दरम्यान आपण झोप मिळवण्यासाठी ज्या सवयी लावून घेतल्या त्याच तिला येऊ देत नाहीत. सुनंदाताईंचं निमित्त वादळ होतं. आम्हाला काम करायचं होतं ते त्यानंतर लागलेल्या सवयींवर.

अडचण नेमकी काय होती

पहिल्या भेटीत मी त्यांना दोन आठवड्यांची झोपेची वही ठेवायला सांगितली. अंथरुणाला कधी पाठ टेकली, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, सकाळी कधी उठल्या, आणि दुसरा दिवस कसा गेला याला १० पैकी किती गुण. वेळा अंदाजानंच लिहायच्या, घड्याळ बघून नाहीत.

वहीतून चित्र असं आलं. त्या रात्री साडेनऊलाच पडायच्या, ‘लवकर पडलं तर लवकर लागेल’ म्हणून. झोप लागायला तास-दीड तास. मग मध्यरात्रीनंतर जाग. जाग आली की हात मोबाइलकडे. दोन वाजून दहा मिनिटं. लगेच हिशोब सुरू: आता लागली तर साडेतीन तास, आता लागली तर तीन. सकाळी सहाला उठायचं. अंथरुणात साडेआठ तास आणि झोप सरासरी पाच, म्हणजे अंथरुणातल्या वेळापैकी जेमतेम ५९ टक्के.

त्या हिशोबाच्या मागे कोणते विचार आहेत, ते त्यांनी दुसऱ्या भेटीत सांगितलं. आठ तास झाले नाहीत तर उद्या वर्गात काही सुचणार नाही. असंच चाललं तर डोक्यावर परिणाम होईल. स्कूटीवर डुलकी लागली तर? सगळं घर झोपलंय आणि मी एकटीच जागी.

त्यात गावातली रात्र. शेतीपंपाची थ्री-फेज वीज एका आठवड्यात दिवसा, तर दुसऱ्या आठवड्यात रात्री मिळायची. रात्रपाळीच्या आठवड्यात पती मध्यरात्री उठून बॅटरी घेऊन मळ्यात जायचे. दार वाजलं की सुनंदाताईंना जाग यायची आणि ते परत येईपर्यंत काळजीनं डोळा लागायचा नाही. रात्री मळ्यात साप-विंचू निघतात, ही काळजी काही खोटी नव्हती.

निद्रानाशाची तीव्रता मोजण्याची सात प्रश्नांची एक प्रश्नावली असते, गुण ० ते २८. १५ ते २१ म्हणजे मध्यम निद्रानाश. त्यांचे १९ आले.

आधीचे उपायही सांगते. जायफळ घातलेलं दूध, तळपायाला काशाच्या वाटीनं तेल, उशाशी देवाचा अंगारा. नामस्मरण तर रोजचंच. पण झोपेसाठी म्हणून करू लागल्यापासून त्या माळ मोजायला लागल्या होत्या: एक माळ झाली, झोप नाही, दुसरी झाली, झोप नाही. शिवाय अल्प्राझोलामची ०.२५ मिलिग्रॅमची गोळी. वादळानंतर काही दिवसांसाठी म्हणून सुरू झालेली ती गोळी आता रोजची होती, आणि जास्त वाईट रात्री दोन.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय गोळी बदलण्याचा किंवा वाढवण्याचा. सुनंदाताईंची स्वतःची अपेक्षा थोडीफार तीच होती. पण या जातीच्या गोळ्यांची शरीराला सवय होते, तेवढ्याच मात्रेचा गुण कमी होत जातो आणि एकदम बंद केल्या तर झोप आधीपेक्षा बिघडते, क्वचित झटकेही येऊ शकतात. त्यामुळे गोळीला हात लावायचा तो फक्त मनोविकारतज्ज्ञांनी, आणि सावकाश. आम्ही ठरवलं की सध्या मात्रा आहे तशीच राहील, ‘वाईट रात्री दोन’ हे मात्र थांबेल.

दुसरा पर्याय झोपेच्या नियमांची यादी हातात देण्याचा: चहा कमी करा, मोबाइल बाजूला ठेवा, खोलीत अंधार करा. हे सगळं करावं. पण जुन्या निद्रानाशावर नुसत्या यादीनं फारसं काही होत नाही, आणि माणूस ‘मी सगळं पाळते तरी झोप नाही’ म्हणून आणखी हताश होतो.

तिसरा पर्याय निद्रानाशासाठीच्या संज्ञानात्मक वर्तन उपचाराचा. अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेनं २०१६ मध्ये मोठ्यांच्या जुन्या निद्रानाशासाठी हाच पहिला उपचार म्हणून सुचवला, युरोपातल्या मार्गदर्शक सूचनाही तेच सांगतात. त्यात अंथरुणातला वेळ आवळणं, झोप नसेल तेव्हा अंथरूण सोडणं आणि झोपेविषयीच्या भीतीच्या विचारांवर काम करणं, अशी तीन मोठी कामं असतात.

सुनंदाताईंना यातलं फक्त शेवटचं हवं होतं. ‘मॅडम, मला रात्री म्हणायला काहीतरी द्या,’ हे त्यांचं पहिल्या दिवसाचं मागणं. त्यांची तयारी जिथे होती तिथूनच सुरुवात करायची आणि बाकीची दोन कामं मागून आणायची, असं ठरलं. त्याआधी त्यांच्या डॉक्टरांकडून थायरॉइड, हिमोग्लोबिन, रक्तदाब तपासून घेतला. घोरणं, झोपेत श्वास अडकणं, पायांची अस्वस्थ वळवळ, पाळी जाण्याच्या वयातले घामाचे लोट याविषयीही विचारलं. हिमोग्लोबिन कमी निघालं, त्यावर लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. उदासीनतेचा आजार नव्हता, थकवा होता.

धीराची वाक्यं, पहिला प्रयत्न

वाक्यं त्यांनी स्वतःच लिहून आणली होती, शाळेतल्या फळ्यावरच्या सुविचारासारख्या सुबक अक्षरात. ‘मला आज शांत झोप लागणार आहे.’ ‘माझं मन आनंदी आणि निश्चिंत आहे.’ ‘मी आठ तास झोपून ताजीतवानी उठेन.’ आठवडाभर त्यांनी ती मनापासून म्हटली. झोप आणखी लांबली.

पुढच्या भेटीत आम्ही एकच गोष्ट बघितली: वाक्य म्हणून झाल्यावर लगेच पुढच्या क्षणी मनात काय येतं? त्या थोडा विचार करून म्हणाल्या, ‘बघते ना मी, लागते का.’

सगळी अडचण त्या बघण्यात होती. ‘मला झोप लागणार आहे’ हे वाक्य एक भाकीत आहे, आणि भाकीत केलं की मन ते तपासायला जागं राहतं. झोपेचे अभ्यासक कॉलिन एस्पी यांनी २००६ मध्ये हेच मांडलं. चांगली झोप असलेला माणूस झोपेकडे लक्ष देत नाही, ती यावी असा हेतू धरत नाही, त्यासाठी कष्ट करत नाही. निद्रानाशात या तिन्ही गोष्टी शिरतात आणि आपोआप होणारी क्रिया अडते. सुनंदाताईंची वाक्यं वरून धीर देत होती आणि आतून कष्टच वाढवत होती. माळ मोजण्याचंही तेच झालं होतं.

वाईट विचार दाबून टाकायचे, हा त्यांचा दुसरा प्रयत्न होता. त्याविषयी डॅनियल वेग्नर यांचा १९८७ चा प्रयोग मी त्यांना सांगितला. पांढऱ्या अस्वलाचा विचार करायचा नाही असं लोकांना सांगितलं, तर तेच अस्वल पुन्हा पुन्हा मनात येत राहिलं. शिक्षिकेला हे वेगळं समजावून सांगावं लागलं नाही, वर्गात ‘बोलू नका’ म्हटल्यावर काय होतं ते त्यांना माहीत होतं.

इथे निर्णयाची पहिली जागा आली. वाक्यं सोडून द्यायची की बदलायची? वाक्यं सोडून थेट अंथरुणाचा वेळ आवळायला घेणं सोपं होतं, आणि परिणाम कदाचित लवकर दिसला असता. पण दोन वाजताची भीती तशीच राहिली असती, आणि त्या भीतीसकट त्या कडक वेळापत्रकात टिकल्या असत्या असं मला वाटत नव्हतं. आम्ही वाक्यं ठेवली, त्यांचं काम बदललं. झोप आणणं हे वाक्याचं काम नाही. जागेपणाची भीती उतरवणं, एवढंच त्याचं काम.

वाक्यं खरी असायला हवीत

नवी वाक्यं करताना अट एकच ठेवली: आज रात्री अजिबात झोप आली नाही तरी ते वाक्य खरं राहिलं पाहिजे. या एका अटीनं जुनी तिन्ही वाक्यं गळून पडली.

मग आम्ही त्यांच्याच वहीकडे वळलो. जेमतेम साडेतीन तास झोप झालेल्या एका रात्रीनंतरच्या दिवसाला त्यांनी १० पैकी ६ गुण दिले होते. सहा तास झोपल्या त्या रात्रीनंतर केंद्रप्रमुखांची शाळाभेट होती, त्या दिवसाला ५. झोपेचे तास आणि दिवसाचे गुण यांची जोडी त्यांना वाटत होती तितकी घट्ट नव्हती. आणखी एक गोष्ट त्यांनीच शोधली: सलग दोन वाईट रात्री गेल्या की तिसरी बरी जाते. हे शरीरच करतं. झोप या बाबतीत भुकेसारखी आहे, जितका वेळ जागं राहावं तितकी साठत जाते, आणि कमी झोपेनंतरच्या रात्री शरीर गाढ झोपेचा वाटा वाढवून घेतं. गाढ झोप बहुतेक रात्रीच्या पहिल्या एक-तृतीयांश भागात होते, म्हणजे दोनला जाग येईपर्यंत त्यातली बरीचशी झालेली असते. साधारण दीड-दीड तासाच्या आवर्तनांमध्ये सगळ्यांनाच थोडी जाग येते. ज्यांना भीती नसते त्यांना ती सकाळी आठवत नाही.

हे सगळं सांगताना एक तोल सांभाळावा लागतो. ‘झोप नाही झाली तरी काही बिघडत नाही’ असं मी त्यांना म्हटलं नाही, कारण ते खरं नाही. प्रौढांना रोज सात तास किंवा जास्त झोप हवी, असंच तज्ज्ञ सांगतात. वर्षानुवर्षांच्या अपुऱ्या झोपेची किंमत शरीर देतं. पण आजची एक रात्र आणि वर्षानुवर्षं यांत फरक आहे, आणि पहाटे दोन वाजता मन हा फरक विसरतं.

तेव्हाच मी विचारलं, ‘ताई, रात्रभर जागलात आणि त्याचं काहीच वाटलं नाही, असं शेवटचं कधी झालं?’

‘कानबाईला,’ त्या लगेच म्हणाल्या.

खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगते: श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई ही देवी बसते. रात्रभर गाणी, फुगड्या, जागरण, आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत विसर्जन. सुनंदाताई लग्न होऊन आल्यापासून दरवर्षी त्या रात्री जागतात. निद्रानाशाच्या वर्षांतही जागल्या होत्या. सोमवारी डोकं जड, डोळे चुरचुरलेले, पण प्रसादाच्या रोटांच्या पंगती वाढून होतात, आल्यागेल्याचं बघून होतं. त्या रात्री ‘उद्या कसं होईल’ हा विचार एकदाही आला नव्हता.

आपल्या मर्जीनं एक रात्र जागणं आणि अडीच वर्षं झोपेसाठी तळमळणं यांची बरोबरी होत नाही, आणि तसं मी त्यांना बोलूनही दाखवलं. पण त्यांना जे पटलं ते मी सांगून पटलं नसतं: जागणं आणि जागण्याची भीती या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसऱ्या दिवशीचा निम्मा थकवा भीतीचा आहे.

त्या भेटीत चार वाक्यं ठरली. मी प्रमाण मराठीत देते, त्यांनी ती घरच्या बोलीत लिहिली आणि सुबक अक्षरात लिहायचं मुद्दाम टाळलं.

कमी झोपेच्या दिवशीही मी वर्ग घेतलाय. चिडचिड झाली, पण दिवस पार पडला.
दोनला जाग आली म्हणजे रात्र संपली असं नाही.
आज कमी पडली तर शरीर उद्या-परवा भरून घेईल, ते काम माझं नाही.
कानबाईला मी रात्रभर जागते.

ही वाक्यं पहिल्यांदा म्हणायची ती रात्री नाही, शाळेतून आल्यावर चारच्या चहाबरोबर. भीती अंगात असताना नवीन विचार पटत नाही, तो आधी उजेडात पटलेला असावा लागतो. रात्री एकदा, फार तर दोनदा मनात म्हणायचं आणि सोडून द्यायचं, माळ करायची नाही. नामस्मरण त्यांनी संध्याकाळी देवघरासमोर हलवलं. रात्री ओठावर आलंच तर येऊ द्यायचं, मोजायचं नाही.

सोबत बाकीची व्यवस्था. मोबाइल रात्री स्वयंपाकघरात, उठवायला जुनं गजराचं घड्याळ, तोंड भिंतीकडे करून. दिवसाचा शेवटचा चहा तो चारचाच. आधी रात्री आठलाही व्हायचा, आणि चहा-कॉफीतलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. जेवणानंतर पाच मिनिटं बसून उद्याच्या कामांची यादी: पोषण आहाराची नोंद, यू-डायसची (शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती, सोसायटीचा हप्ता. अमेरिकेत मायकेल स्कलिन यांनी २०१८ मध्ये ५७ तरुणांवर केलेल्या प्रयोगात, झोपण्यापूर्वी उद्याच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर झोप लागली होती. प्रयोग लहान आहे, पण कागद-पेनापलीकडे त्याला काही लागत नाही.

अंथरुणातला वेळ आणि स्कूटी

भीती थोडी उतरल्यावर वेळ आवळायला घेतला. पाच तास झोप होते म्हणून अंथरुणातही पाचच तास, असा कडक हिशोब काही जण लावतात. सुनंदाताई रोज स्कूटी चालवतात, म्हणून आम्ही सहा ठरवले: रात्री ११ ते पहाटे ५. अंथरुणातल्या वेळातलं झोपेचं प्रमाण ८५ टक्क्यांवर गेलं की पंधरा-पंधरा मिनिटं वाढवायची. पहिले दोन आठवडे दिवसा जास्त झोप येईल, हे आधीच स्पष्ट सांगितलं.

तसंच झालं. दुसऱ्या आठवड्यात त्यांचा फोन आला, आवाज रडवेला. ‘मॅडम, वाक्यं म्हणते, पण आतून वाटतं, खोटं आहे हे.’

या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची जागा माझ्या मते हीच. वाक्य किती बरोबर आहे ते पटवत बसता आलं असतं, पुरावा म्हणून वही होतीच. त्याऐवजी मी विचारलं, कोणतं वाक्य खोटं वाटतं? ‘दिवस पार पडला,’ त्या म्हणाल्या. तीन दिवसांपूर्वी शाळेतून येताना वळणावर डोळा मिटल्यासारखा झाला होता आणि स्कूटी खडीवर घसरता घसरता राहिली होती. तीन दिवस त्यांनी हे घरातही सांगितलं नव्हतं.

त्यांची भीती बरोबर होती. तिला धीराचं वाक्य लावून गप्प करणं धोक्याचं ठरलं असतं. त्याच संध्याकाळी पतींशी बोलणं झालं आणि पुढचे तीन आठवडे ते सकाळी मोटरसायकलवर सोडतील, परतताना ताई सहकारी शिक्षिकेबरोबर रिक्षानं येतील, असं ठरलं. अंथरुणातला वेळही अर्ध्या तासानं वाढवला. आणि वाक्य बदललं: ‘उद्या झोप अनावर झाली तर मी स्कूटी काढणार नाही, आणणं-सोडणं ठरलेलं आहे.’

या वाक्यात ‘सगळं ठीक होईल’ असं काहीच नाही. तरी रात्री सगळ्यात जास्त धीर दिला तो यानंच, असं त्यांनी पुढे अनेकदा सांगितलं. तेव्हापासून कुणाहीबरोबर धीराची वाक्यं करायला बसले की मी प्रत्येक भीतीला आधी एक प्रश्न विचारते: यात खरं किती? जेवढं खरं आहे तेवढ्यासाठी दिवसा काही व्यवस्था करायची. रात्रीच्या वाक्यासाठी उरतं ते बाकीचं. मळ्यातल्या मोटरचंही तसंच केलं. पतींनी वीज आली की मोटर आपोआप सुरू करणारा ऑटो स्विच बसवून घेतला, जाणं अगदीच लागलं तर सोबत गडी आणि पायात गमबूट, आणि रात्रपाळीच्या आठवड्यात ते ओट्यालगतच्या पुढच्या खोलीत झोपू लागले.

अंथरूण सोडण्याचा प्रश्न

रिचर्ड बूटझिन यांनी १९७२ मध्ये मांडलेला नियम असा: झोप येत नसेल तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून दुसरीकडे जायचं, पेंग आली की परतायचं. म्हणजे अंथरूण आणि तळमळ यांची सांगड सुटते. पुस्तकात हे एका ओळीत येतं. पाच-सहा पावलांवर सासूबाई झोपलेल्या असतात त्या घरात ते तितकं सोपं नसतं.

पहिल्याच रात्री सुनंदाताई उठल्या, तर सासूबाई उठून बसल्या. ‘काय व्हयनं वं माय?’ मग दिवा लागला, दूध तापलं, मुलगाही जागा झाला. पुढच्या काही रात्री ताई उठल्याच नाहीत, सगळ्यांची झोप मोडते म्हणून.

उपाय अखेर सासूबाईंनीच काढला. त्यांना जळगावला आणणं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून फोनवर बोलले. सून रात्री उठली तर ते औषधाचा भाग आहे, हाक मारायची नाही, एवढं समजल्यावर त्या म्हणाल्या, ‘मग तिला वाती वळत बसू द्या. नुसतं बसून भूतासारखं वाटतं.’ स्वयंपाकघरात मंद दिव्याखाली, घरच्या कापसाच्या वाती. हाताला काम, डोक्याला नाही, आणि अर्धवट सोडून उठलं तरी काही अडत नाही. याहून चांगलं काम मी सुचवू शकले नसते.

उन्हाळ्यात घर धाब्यावर, म्हणजे सपाट छतावर, झोपायला गेलं तेव्हा नियम थोडा सैल करावा लागला. मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास असतो, तेव्हा पहाटेच्या गारव्यातून उठून तापलेल्या घरात जा, हे कुणाला सांगवत नाही. तिथे उठून कठड्याजवळच्या खुर्चीवर बसणं पुरेसं मानलं.

निष्पत्ती

साधारण अडीच महिन्यांनी प्रश्नावलीचे गुण १९ वरून ९ वर आले. झोप सरासरी सहा तासांच्या थोडी वर, अंथरुणातल्या वेळाच्या ८४ टक्के. मध्यरात्रीची जाग अजून येते, पण हिशोब होत नाही. दुसऱ्या भेटीत सांगितलेल्या विचारांपैकी ‘डोक्यावर परिणाम होईल’ हा पूर्ण गेला. ‘सगळं घर झोपलंय आणि मी एकटीच’ हा अजून येतो, आणि त्याच्यासाठी आम्हाला चांगलं वाक्य सापडलं नाही. वाती वळताना तो कमी असतो, एवढंच त्यांनी सांगितलं.

गोळीची मात्रा मनोविकारतज्ज्ञांनी झोप सावरल्यानंतर टप्प्याटप्प्यानं कमी करायला घेतली. सहा महिन्यांनी ती रोजची राहिली नव्हती, पूर्ण सुटलीही नव्हती. घाई करायची नाही, असंच तिघांचं ठरलं आहे.

जूनच्या सुरुवातीला वादळाचा इशारा आला आणि सलग चार रात्री वाईट गेल्या. यावेळी त्यांनी साडेनऊला अंथरूण गाठलं नाही, दुपारी आडव्या झाल्या नाहीत, गोळी वाढवली नाही. पाचव्या रात्री झोप आली.

श्रावणात कानबाईच्या आधी त्यांनी विचारलं, जागरण करू की नको, बसलेली घडी बिघडेल का? जागं राहण्यानं झटके किंवा मनाचा टोकाचा उत्साह येण्याचा आजार असता तर मी नको म्हटलं असतं. तसं काही नव्हतं. जागा, दुसऱ्या दिवशी स्कूटी नको, दुपारची झोप अर्ध्या तासापेक्षा जास्त नको, आणि रात्री नेहमीच्या वेळी आडव्या व्हा, एवढंच सांगितलं. दोन-तीन दिवसांत घडी पुन्हा बसली.

वेगळं काय करता येईल

असं प्रकरण पुन्हा आलं तर प्रवासाचा प्रश्न मी पहिल्या भेटीत काढेन: दुचाकी, ट्रॅक्टर, चारा कापायचं यंत्र, रात्रपाळी. अंथरुणातला वेळ आवळण्याआधी येण्याजाण्याची सोय झालेली असावी.

वाक्यं चारपेक्षा कमी चालतात. सहा महिन्यांनंतर सुनंदाताईंना दोनच आठवत होती, स्कूटीचं आणि कानबाईचं. कुणी स्वतः करून बघणार असेल तर एकच वाक्य करावं, ते आपल्या आयुष्यात घडलेल्या गोष्टीवर बेतलेलं असावं, आणि आठवडाभर फक्त दिवसा म्हणून बघावं.

काही जणांना मात्र यातलं काही सुचवायचं नसतं, थेट डॉक्टरांकडे पाठवायचं असतं. मोठ्यानं घोरणं आणि झोपेत श्वास अडकणं, पहाटे तीन-चारला जाग येऊन जगणं नको वाटणं, झोप अगदी कमी होऊनही अंगात विलक्षण जोर असणं, ही लक्षणं वेगळ्या आजारांची आहेत. जीव नकोसा वाटत असेल तर टेली-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येतं, मराठीतही.

आणि घरातल्यांशी बोलणं. निद्रानाश एका माणसाचा म्हणून उपचाराला येतो, पण रात्री दार कोण उघडतं, दिवा कोण लावतं, काळजीनं कोण उठतं, यावर निम्मं अवलंबून असतं. पतींशी बोलणं स्कूटी घसरल्यावर झालं आणि सासूबाईंशी त्याहून उशिरा. ही दोन्ही संभाषणं पहिल्या आठवड्यात झाली, तर मोटरचा ऑटो आणि वातींचा कापूस दोन्ही आधीच तयार असतील.